भजनातला टाळ

बारावी झालो आणि बी.एस्सी.साठी धुळ्याला निघालो, त्या सकाळी नानांनी फळीवरचा रेडिओ खाली काढला. ओल्या फडक्याने पुसला, सेल काढून वेगळे बांधले आणि माझ्या पिशवीत कपड्यांच्या दोन घड्यांमध्ये नीट बसवला. नाना म्हणजे माझे वडील. आमच्या जळगावच्या दोन खोल्यांत हौसेची म्हणावी अशी तेवढी एकच वस्तू होती. मी नको म्हणालो.

"लई जाय," नाना म्हणाले. "तठे तुले करमाव नही."

"मग तुम्ही काय आयकशात?"

"माले मिलमा आवाज कमी शे का?"

माय हसली, मीही हसलो. रेडिओ पिशवीत गेला.

नाना डाळ मिलमध्ये मशीनवर कामाला होते. पत्र्याच्या शेडमध्ये तूर भरडणारे रोल, हलणाऱ्या चाळण्या, धान्य वर नेणारे पट्टे, सगळं एकदम चालायचं. तिथे माणूस माणसाशी बोलत नाही, हातवारे करतो, नाहीतर कानाशी तोंड नेऊन ओरडतो. ते ओरडणं मग घरी येतं. आमच्या वस्तीत बहुतेक घरं मिलवाल्यांची, त्यामुळे तिथे सगळेच मोठ्याने बोलत. बायका आणि पोरंसुद्धा. हे मोठ्याने बोलणं आहे, हे मला धुळ्याला गेल्यावर कळलं. वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात खोलीतला मुलगा म्हणाला, "अरे, मी इथेच आहे. बांधावरून हाक मारल्यासारखा काय बोलतोस?" मग मी आवाज खाली आणायला शिकलो. घरी आलो की तो पुन्हा चढायचा.

मिलमध्ये नानांची किंमत होती ती त्यांच्या कानामुळे. एवढ्या गोंगाटात कोणतं बेअरिंग बिघडायला आलंय ते त्यांना आधी कळायचं. शंका आली की ते लांब पेचकसाचं टोक बेअरिंगच्या लोखंडी कवचावर टेकवत, मूठ कानामागच्या हाडावर धरत आणि डोळे मिटत. "रडी ऱ्हायनं," म्हणत. म्हणजे बेअरिंग रडतंय. दोन दिवसांत ते बदलावं लागायचंच. शेठ इतरांना सांगायचे, "नानांना विचारा, मशीनची नाडी त्यांना कळते."

आणि घरी आले की त्याच कानांनी त्यांना भजन ऐकायचं असायचं. आमचं गाव एरंडोल तालुक्यातलं. तिथल्या भजनी मंडळात नाना लग्नाच्या आधीपासून टाळ वाजवत. पोटासाठी जळगावला आल्यावर मंडळ सुटलं, टाळ गावच्या देवळात खुंटीला राहिले. उरला तो सकाळचा रेडिओ. चहा होईपर्यंत एक भजन, तेही पूर्ण नाही, कारण मिलचा भोंगा व्हायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र ते रेडिओसमोर मांडी घालून बसत आणि रिकाम्या हातांनी टाळ धरल्यासारखा ठेका धरत.

तो रेडिओ मी परत नेऊ शकलो नाही. तिसऱ्या वर्षी वसतिगृहाचं छत गळलं, त्याच्याखाली रेडिओ होता. मी घरी सांगितलं की चालतोय. नानांनी पुन्हा कधी विचारलं नाही, आणि दुसरा घेतलाही नाही. घरात शिकणारा एक असताना दुसरा रेडिओ घेण्याची त्यांच्या डोक्यात जागाच नव्हती. आमच्या घराण्यात पदवी मिळवणारा मी पहिला. निकालाच्या दिवशी नानांनी मिलमध्ये पेढे वाटले. प्रत्येकाच्या कानाशी तोंड नेऊन काय झालं ते ओरडून सांगत होते, असं त्यांचे सोबती मला नंतर सांगायचे.

पुढे मला धुळ्याच्याच एका कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायकाची नोकरी लागली. नोकरी पक्की झाली तेव्हा मी मनाशी ठरवलं की नानांना रेडिओ द्यायचा, पण साधा नाही. नाना आपल्या घरात, आपल्या जागेवर बसून एक भजन पहिल्यापासून शेवटपर्यंत चांगल्या आवाजात ऐकतील, एवढं तरी आपल्या हातून व्हावं.

चांगल्या आवाजाची नवी यंत्रं दुकानात पाहिली आणि किमती ऐकून परतलो. आमच्या विभागातल्या सरांना हे कळलं. ते म्हणाले, "जुनं घे. चाळीस वर्षांपूर्वीचं काम भक्कम आहे. कंपन्यांनी तेव्हा तांबं घालताना हात आखडला नाही. तुला झाळकाम येतं, मीटर धरता येतो, आणखी काय हवं?" त्या सरांचे माझ्यावर उपकार आहेत. तारांना डाग देण्याचं ते झाळकाम त्यांनीच शिकवलं होतं.

जळगावात जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक मिस्तरी होते. साठीच्या पुढचे, एका बाकापुरती दुकानाची जागा. त्यांनी बाकाखालून एक अवजड डबा ओढला. त्यात रेडिओ आणि आवाज वाढवणारं यंत्र दोन्ही एकत्र होतं. त्याला ते रिसिव्हर म्हणत. कुणाचा तरी मुलगा आखातातून घेऊन आला होता, आता त्या घराला तो नकोसा झाला होता.

"उचला सर," मिस्तरी म्हणाले. मी साधा सहायक आहे हे त्यांना माहीत होतं, तरी मुद्दाम सर म्हणायचे.

मी उचलला. कंबरेतून कळ आली.

"जड आहे ना? मग घ्या. गिऱ्हाईक मला विचारतं आवाज कसा आहे. मी म्हणतो, आधी उचलून बघ."

त्यांनी चालू केला. स्टेशनांच्या आकड्यांमागे पिवळा उजेड आला. तो उजेड पाहूनच मी हो म्हणालो.

स्पीकर धुळ्यात मिळाले. एक निवृत्त बँक अधिकारी मुलाकडे राहायला निघाले होते. लाकडाच्या दोन पेट्या, गुडघ्याइतक्या उंच. एकीवर कुंडीचा गोल डाग पडला होता. आतल्या शंकूसारख्या कागदी कोनाभोवती स्पंजाची जी कडा असते, ती बोट लावताच चुरा होऊन पडली.

"फेकायचेच होते," ते म्हणाले. "तुम्ही वडिलांसाठी नेताय तर असेच न्या."

पेट्या एस.टी.ने जळगावला नेल्या. कंडक्टरने मागच्या सीटवर त्या शेजारी शेजारी बसलेल्या पाहिल्या आणि म्हणाला, "जोडपं आहे का? हाफ तिकीट लागेल." पारोळ्यापर्यंत सगळी गाडी त्यावर हसत होती.

कडांचं काय करायचं, हा प्रश्न होता. तयार कडा मुंबईहून मागवाव्या लागणार होत्या. नानांनी स्पीकर मांडीवर घेतला, बोटांनी कोन हळूच आत दाबला, सोडला.

"हाई हालस, नी हाई हालत नही," ते कोनाकडे आणि लोखंडी चौकटीकडे बोट करून म्हणाले. "म्हनजे चाळनीनी बाही."

मिलमध्ये चाळणी सारखी हलते आणि तिच्याखालचं पन्हळ स्थिर असतं. दोघांच्या मध्ये कापडाची एक सैल बाही असते, म्हणजे चाळणी हलत राहते आणि दाणा सांडत नाही. त्या बाह्या नाना स्वतः शिवत. त्यांनी मायच्या ट्रंकेतून मांजरपाटाचा तुकडा काढला, तिरप्या धाग्यावर गोल कापला, एक चुणी ठेवली, सुईने टाके घातले आणि पंक्चर काढायच्या सोल्युशनने कड चिकटवली. चार दिवस मिलमधून आल्यावर हेच. प्रयोगशाळेत मी इतकं नीट काम फार थोड्या विद्यार्थ्यांचं पाहिलंय.

पहिल्यांदा लावलं त्या सकाळी शेजारपाजारचे दारात उभे होते. रेडिओवर भजन होतं. मला वाटलं गाणारा माणूस आमच्या खोलीतच येऊन बसलाय. पखवाज पोटात वाजत होता. माय पदराला हात पुसत बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. शेजारची अक्का म्हणाली, "आते आम्हले देऊळमा जावानं कामच नही."

मी नानांकडे पाहिलं. त्यांच्या कपाळावर आठी होती. तीच, बेअरिंग ऐकतानाची.

"टाय कोठे शे?" त्यांनी विचारलं. आमच्याकडे टाळाला टाय म्हणतात.

"वाजी ऱ्हायना ना, नाना."

"नही. पखवाज शे, मानूस शे. टाय नही. चाळनीनी जाळी भरी गयी का आवाज दबस, तसं व्हयेल शे."

मी कान देऊन ऐकलं. मला टाळ ऐकू येत होते. पण नानांच्या कानापुढे माझा कान तो काय. त्यांना एखादी बारीक उणीव कळत असेल, जी मला कळत नाही, असं मला अगदी खरं वाटलं. मी म्हणालो, "बघतो."

आणि मी आठ महिने बघत राहिलो.

दर पंधरा दिवसांनी धुळ्याहून यायचं, पेट्या उघडायच्या. बारीक आवाज काढणारा जो छोटा स्पीकर वर असतो, तो मिस्तरींकडून बदलून आणला. त्याला जोडलेले कपॅसिटर बदलले. वायरी जाड घातल्या. पेट्या भिंतीपासून पुढे ओढल्या, मग विटांवर चढवल्या. रिसिव्हर दोनदा उघडून एकेक बटण साफ केलं. दर वेळी नाना समोर बसायचे, मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचो, आणि ते सांगायचे, "थोडं बरं शे." मग जरा वेळाने उठून बारीक आवाजाचं, ट्रेबलचं बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवायचे. आम्हाला ते दातांत खडा आल्यासारखं व्हायचं. माय भाकरी थापता थापता ओरडायची, "गाना शे का डबा घासी ऱ्हायना?"

मिस्तरी कंटाळले. "सर, आता यात फक्त देवघरातला देव घालायचा राहिलाय. नवीन काहीच शिल्लक नाही."

मधल्या एका फेरीत मी आलो तर नाना बाही उसवत बसले होते. मांजरपाट जाड झाला, आपल्या शिवण्यातच खोट आहे, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. मायच्या जुन्या मऊ लुगड्याचं कापड घेऊन त्यांनी दोन्ही कडा पुन्हा शिवल्या. दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. सुईत दोरा ओवताना म्हणाले, "मना हात बिघडना वाटस." मी म्हणालो, तसं काही नाही, कपॅसिटरच बरोबर नसेल. एका घरात दोन माणसं, एकाला मशीनची नाडी कळते आणि दुसऱ्याकडे विज्ञानाची पदवी, आणि दोघांनी मिळून खोट शोधली ती फक्त लाकडाच्या पेटीत.

शेवटी मी सरांना विचारून प्रयोगशाळेतलं एक उपकरण दोन दिवसांसाठी घरी नेलं. त्याची तबकडी फिरवली की जाड गुणगुणीपासून अगदी बारीक शिट्टीपर्यंत हवा तो सूर निघतो. सूर कुठे अडकतो ते कळलं की स्पीकरची खोट नेमकी सापडेल, असा माझा हिशेब होता.

सुट्टीचा दिवस, सकाळचे दहा असतील. मी उपकरण रिसिव्हरला जोडलं. नाना समोर बसले. मी वहीत रकाने आखले, कारण सवय.

आधी जाड सूर. पेट्यांवरची धूळ थरथरली. ऐकू येतंय म्हणून नानांनी मान हलवली. मी तबकडी फिरवत गेलो. सूर चढत गेला, बासरीसारखा झाला, मग शिट्टीसारखा. नाना मान हलवत होते. मग त्यांची मान थांबली. मी आणखी फिरवलं. मायने दोन्ही हात कानांवर धरले. "बंद कर रे, कानमा सुई जाई ऱ्हायनी." दारातून शेजारची अक्का डोकावली, "कुकर लायेल शे का?"

नाना माझ्याकडे पाहत होते.

"काबर थांबाडं?" ते म्हणाले. "चालू कर ना."

शिट्टी चालूच होती. खोलीत एवढा बारीक आणि मोठा आवाज होता की मला माझाच श्वास ऐकू येत नव्हता. नाना माझ्या हाताकडे बघत वाट पाहत होते.

मी तबकडी हळूहळू मागे आणली. एका ठिकाणी नाना म्हणाले, "हां, आते उना." म्हणजे आता आला. पुढे नेली. "गया." मागे आणली. "उना." मुलांना आम्ही शिकवतो की प्रत्येक निरीक्षण तीनदा घ्यावं. मी तीनदा घेतलं. तिन्ही वेळा आकडा जवळपास तोच आला, आणि तो फार खालचा होता. टाळाचा आवाज त्याच्या पुष्कळ वर असतो. मी वही मिटली.

मायने कानांवरचे हात काढले होते. ती माझ्याकडे बघत होती, आणि मला दिसलं की यातलं बरंचसं तिला जुनंच होतं.

"मी तं कव्हयनी हात लाईसनच बोलस त्यासले," ती म्हणाली. कधीपासून ती त्यांना आधी हात लावते आणि मगच बोलते. "माले वाटे, थकी जातस."

आमच्या वस्तीत सगळेच ओरडून बोलतात, सगळेच हातवारे करतात. कुणाला कमी ऐकू येतंय हे तिथे कसं कळणार? धुळ्याच्या एखाद्या शांत घरात नाना राहत असते तर ते आठवड्यात उघडं पडलं असतं. आणि बेअरिंग? त्याचा रडण्याचा आवाजही बारीकच असतो. पेचकसातून त्याची थरथर थेट मुठीला आणि हाडाला लागत होती, म्हणून ते निभावत होते. त्यांनाही ते कळलेलं नव्हतं.

मी नानांजवळ जाऊन बसलो आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं. शब्द साधे वापरले. मशीनमध्ये काही खराबी नाही, नाना. टाळ पहिल्या दिवसापासून वाजताहेत. तुमच्या कानाला ते ऐकू येत नाहीत.

त्यांनी पेट्यांकडे पाहिलं.

"मंग मशीन चांगलं शे?"

"हो."

"मंग बरं व्हयनं," ते म्हणाले. "तुनी मेहनत वाया नही गयी."

मी उठून मोरीत गेलो आणि उगाच तोंड धुतलं.

पुढच्या आठवड्यात त्यांना धुळ्याला कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून त्यांनी माझ्या तबकडीसारखंच काहीतरी केलं, फक्त नीट. कागदावर एक रेघ आली. डावीकडे, जाड सुरांपाशी, ती बरी चालली होती, उजवीकडे, बारीक सुरांपाशी, एकदम खाली गेली होती. डॉक्टर चांगले होते. म्हणाले, "हे वर्षानुवर्षांच्या आवाजाचं आहे. गेलेलं परत येणार नाही. उरलंय ते सांभाळायचं. मशीनवर पाठवू नका."

मी विचारलं, "आठ महिने आधी आणलं असतं तर?"

"आठ महिन्यांनी फार फरक पडला नसता," ते म्हणाले.

त्या वाक्यातल्या 'फार' या शब्दापाशी मी अजूनही अडतो. त्या आठ महिन्यांत मी शनिवारी येऊन कपॅसिटर बदलायचो आणि सोमवारी नाना पुन्हा शेडमध्ये जायचे. कान उघडे ठेवून, जसे ते माझ्या शाळेच्या, कॉलेजच्या सगळ्या वर्षांत गेले तसे.

मिस्तरींना सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं, काहीतरी टोमणा मारतील. त्यांनी हातातलं झाळयंत्र स्टँडवर ठेवलं. म्हणाले, "आमच्या धंद्यात गिऱ्हाईक म्हणालं आवाज बरोबर नाही, की आम्ही डबा उघडतो. गिऱ्हाईकाला कोण उघडून बघतं, सर?" बदललेल्या भागांचे पैसे ते परत देऊ लागले. मी घेतले नाहीत.

नानांनी मिल लगेच सोडली नाही. कानात घालायचं यंत्र घेतलं होतं. त्यात शेड नुसती गर्जायची, म्हणून कामावर ते काढून डबीत ठेवत. नंतर एकदा एक बेअरिंग जाम होऊन पट्टा तुटला. कुणाला लागलं नाही. कुणी त्यांना बोललंही नाही. पण ते त्यांच्या मशीनचं होतं, आणि त्यांना आधी कळलं नव्हतं. त्या संध्याकाळी ते घरी आले, पेचकस खिशातून काढून खिडकीत ठेवला आणि मायला हाताने खूण केली, झालं म्हणून. शेठनी त्यांना शाल दिली, चार शब्द चांगले बोलले. नाना सगळ्यांच्या तोंडाकडे बघून हसत होते.

आता नाना आणि माय धुळ्याला माझ्याकडे असतात. रिसिव्हर आणि पेट्याही आल्या. कानांत उरलं होतं तेही मधल्या वर्षांत बरंच गेलं. यंत्र लावलं तरी शब्द कळतो तो ओठांवरून. त्यांची सून, म्हणजे माझी बायको, त्यांच्याशी सावकाश, समोर बसून बोलते. ती शांत घरातली आहे, पण तिने ते लवकर शिकून घेतलं. रोज सकाळी चहा झाला की नाना उठतात, रिसिव्हर चालू करतात, पिवळा उजेड येईपर्यंत थांबतात, ट्रेबलचं बटण उजवीकडे शेवटपर्यंत फिरवतात. मग डाव्या पेटीजवळ खुर्ची ओढून तिच्यावर तळहात ठेवून बसतात. आम्ही कुणी ते बटण मागे आणत नाही. कान दुखतात, सवय झाली.

मागच्या रविवारी मी पेपर वाचत होतो, भजन लागलं होतं. नानांनी माझ्या गुडघ्यावर थाप मारली.

"हाई बंद शे."

"चालू शे ना," मी म्हणालो आणि बोट कानाकडे नेलं.

"हाई," त्यांनी डाव्या पेटीवर हात आपटला. "मरेल शे."

मी उठून पेटीला कान लावला. खरंच बंद होती. उजवीचा आवाज खोलीभर असल्यामुळे मला कळलंच नव्हतं. मागची वायर हिरवी पडून सैल झाली होती. ब्लेडने खरवडली, पीळ दिला, आवळली. नानांनी पुन्हा तळहात ठेवला, डोळे मिटले, आणि बेअरिंग ठीक असलं की जशी हलवत तशी मान हलवली.

"आते चालना."

मी पुढ्यातच बसून राहिलो. त्यांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं.

"टाय शे का?" त्यांनी विचारलं.

होते. स्पष्ट होते, पहिल्या दिवशी होते तसेच. मी मान डोलावली. ते माझ्याकडे बघतच राहिले, म्हणून मी दोन्ही हात वर धरले आणि टाळ धरल्यासारखा, जे ऐकू येत होतं त्याच्याबरोबर ठेका धरला. मला टाळ येत नाहीत. लहानपणी त्यांनी शिकवायला घेतलं होतं, मी अभ्यास आहे म्हणून उठून गेलो होतो.

नाना माझ्या हातांकडे बघत होते. पखवाज त्यांच्या तळहाताला लागत होता.

"घाई करी ऱ्हायना तू," ते म्हणाले.

मी सावकाश केलं. त्यांनी पुन्हा मान हलवली आणि डोळे मिटले नाहीत, हातांकडेच बघत राहिले. भजनाची अजून दोन कडवी बाकी होती. ती संपेपर्यंत मी हात खाली घेतले नाहीत.